निकेलच्या जोडीला कोणता धातू घ्यावा? नायट्रोपासून अमाईन करताना द्विधातू उत्प्रेरकाची निवड

प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) आधारावर 10 टक्के निकेल बसवून नायट्रोबेंझीनचे हायड्रोजनीकरण केले, म्हणजे हायड्रोजन देऊन त्याच्या नायट्रो गटाचे अमाईन केले, तेव्हा 3 तासांत 70 टक्के रूपांतर झाले. त्यात थोडे तांबे मिसळल्यावर तेवढ्याच वेळात 95 टक्के झाले. पण पॅरा-क्लोरोनायट्रोबेंझीन घेतल्यावर क्लोरीन सुटून क्लोरोॲनिलीनऐवजी साधे ॲनिलीन मिळू लागले आणि तिसऱ्या वापरात उत्प्रेरक मंदावला. तर दुसरा धातू कोणता घ्यावा: लोखंड, कोबाल्ट की कथील? आणि दोन धातू एकत्र आल्याने नेमके काय बदलते?

नवा धातू शोधायला निघण्याआधी तुमच्या तांब्याने खरेच काय केले ते तपासा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. 70 चे 95 झाले याचे श्रेय मिश्रधातूला द्यायची घाई होते. मीही ती केली आहे आणि त्यात कित्येक महिने गेले आहेत. हे काम करणाऱ्या प्रत्येकाचा तेवढा वेळ वाचावा असे मनापासून वाटते, म्हणून इथूनच सुरुवात करतो.

ॲल्युमिना निकेल नायट्रेटच्या द्रावणात भिजवला, वाळवला आणि 500 अंश सेल्सियसला भाजला की सगळे निकेल साध्या ऑक्साइडच्या रूपात राहत नाही. काही भाग ॲल्युमिनाशी घट्ट बांधला जाऊन निकेल ॲल्युमिनेट बनतो. मोकळ्या निकेल ऑक्साइडचे हायड्रोजनमध्ये 300 ते 400 अंशांच्या आसपास क्षपण होते, म्हणजे ऑक्सिजन निघून धातू उरतो. ॲल्युमिनेटात अडकलेले निकेल सोडवायला मात्र 700 ते 800 अंश लागतात. तुम्ही क्षपण 450 अंशांना केले असेल, तर वजनात 10 टक्के भरलेल्या निकेलपैकी बराच भाग धातू झालेलाच नाही. तो उत्प्रेरकात आहे, पण कामावर नाही.

आता तांबे घाला. तांब्याच्या ऑक्साइडचे क्षपण साधारण 200 अंशांनाच होते. तयार झालेले तांब्याचे पहिले कण हायड्रोजनचा रेणू फोडायला लागतात आणि सुटलेले अणू शेजारच्या निकेल ऑक्साइडवर पसरतात. त्यामुळे निकेल कमी तापमानाला धातू होते. म्हणजे तुमचे वाढीव 25 टक्के केवळ यामुळेही आलेले असू शकतात की पूर्वीपेक्षा जास्त निकेल धातुरूपात हजर आहे. तसे असेल तर तांब्याचे काम भट्टीतच संपले. नायट्रो गटाशी त्याचा काही संबंध आला नाही.

हे तपासायला फार खर्च लागत नाही. तांबे न घातलेल्या उत्प्रेरकाचे क्षपण 600 अंशांना 3 तास करा आणि तीच अभिक्रिया पुन्हा चालवा. रूपांतर 90 च्या घरात गेले, तर उत्तर मिळाले. 70 लाच अडले, तर तांबे पृष्ठभागावर काहीतरी करते आहे असे मानायला जागा आहे. (600 अंशांना कण थोडे मोठे होतात, ते लक्षात ठेवून आकड्यांकडे पाहा.) तापमान हळूहळू वाढवत क्षपणाचा आलेख काढायची सोय असेल तर उत्तमच. दोन्ही नमुन्यांचे आलेख शेजारी ठेवले की गोष्ट डोळ्यांनी दिसते.

दुसरी तपासणी, दोन धातू खरोखर एका कणात आहेत का? निकेल आणि तांबे कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. दोघांचे जालक, म्हणजे स्फटिकातली अणूंची मांडणी, एकाच प्रकारचे आहे. निकेलच्या घनाची बाजू 3.524 ॲंगस्ट्रॉम, तांब्याची 3.615. तांब्याच्या नळीच्या नेहमीच्या क्ष-किरणांनी विवर्तनाचा आलेख काढला की त्यात निकेलचे मुख्य शिखर 44.5 अंशांना येते आणि तांब्याचे 43.3 ला. समसमान मिश्रधातू झाला असेल तर शिखर 43.9 च्या आसपास दिसायला हवे. 43.3 आणि 44.5 ला दोन वेगळी शिखरे दिसली, तर दोन धातू शेजारी आहेत, एकत्र नाहीत. इथे ॲल्युमिनाची एक अडचण होते. गॅमा ॲल्युमिनाचे स्वतःचे रुंद शिखर 46 अंशांच्या जवळ असते आणि निकेलचे शिखर त्याच्या उतारावर बसते, त्यामुळे जागा फसवी दिसते. म्हणून निकेलचे 51.8 अंशांचे शिखर पाहा, तिथे गर्दी कमी असते. शिखर मधोमध आले तरी पृष्ठभागाची रचना तीच असेल असे धरू नका. तांब्याची पृष्ठीय ऊर्जा निकेलपेक्षा कमी असल्याने गरम केल्यावर तांबे बाहेरच्या थराकडे सरकते. तुम्ही वजन करून एकास तीन घातले असेल, पण नायट्रोबेंझीनला समोर दिसणाऱ्या थरात तांबे त्याहून बरेच जास्त असू शकते. प्रमाण थोडे वाढवले की वेग एकदम पडतो, त्यामागे बहुधा हेच असते.

आणि एक तुलना कधीही टाळू नका. फक्त निकेलचा आणि फक्त तांब्याचा असे दोन उत्प्रेरक करून त्यांची पूड एकत्र मिसळा आणि अभिक्रिया चालवा. मिश्रधातूचा उत्प्रेरक या मिश्रणापेक्षा स्पष्टपणे सरस ठरला तरच ‘दोन धातूंची साथ’ हा शब्द वापरायचा हक्क आपल्याला मिळतो.

आता दोन धातू काय करतात याकडे येतो. नायट्रोपासून अमाईनपर्यंतचा रस्ता जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने 1898 मध्ये विद्युत-क्षपणाच्या कामातून मांडला, आणि आजही आपण त्याच नकाशावर चालतो. नायट्रोपासून नायट्रोसो, त्यापासून हायड्रॉक्सिलअमाईन, त्यापासून अमाईन हा सरळ रस्ता. नायट्रोसो आणि हायड्रॉक्सिलअमाईन एकमेकांना भेटले की ॲझॉक्सी, ॲझो, हायड्रॅझो हा वळणाचा रस्ता. दर रेणूमागे हायड्रोजनचे 3 रेणू लागतात आणि पाण्याचे 2 बाहेर पडतात. या सगळ्यासाठी पृष्ठभागावर दोन वेगळी कामे व्हावी लागतात. कोणीतरी हायड्रोजनचा रेणू फोडला पाहिजे, आणि कोणीतरी नायट्रो गटाला त्याच्या ऑक्सिजनने धरले पाहिजे.

निकेल पहिल्या कामात वाकबगार आहे. पॉल साबातिये याने निकेलवरच्या हायड्रोजनीकरणाचे काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू केले, त्याला 1912 चे नोबेल मिळाले, आणि तेव्हापासून निकेलचे हे स्थान कोणी हिरावलेले नाही. पण निकेलला निवड करता येत नाही. तो नायट्रो गटाला धरतो, बेंझीनच्या कड्याला धरतो, दुहेरी बंधाला धरतो, क्लोरीनलाही धरतो. दुसऱ्या धातूकडून अपेक्षा असते ती दोनपैकी एकाची: नायट्रोला ऑक्सिजनकडून धरणारी जागा पुरवणे, किंवा निकेलच्या सलग पसरलेल्या अणूंमध्ये खंड पाडणे. पहिले काम लोखंड करते, दुसरे कथील. तांबे दोन्ही थोडेथोडे करते. धातू निवडताना मी हाच एक प्रश्न समोर ठेवतो: माझ्या रेणूत नायट्रोखेरीज काय आहे, आणि त्यापैकी काय वाचवायचे आहे?

लोखंडाला ऑक्सिजनची ओढ निकेलपेक्षा जास्त असते. निकेल-लोखंडाच्या कणावर बहुतेकदा निकेलच्या कडेला लोखंडाच्या अर्धवट ऑक्साइडचे ठिपके तयार होतात. नायट्रो गट त्या सीमेवर ऑक्सिजनच्या बाजूने टेकतो, रेणू उभा राहतो आणि उरलेला भाग धातूपासून दूर राहतो. हायड्रोजन पलीकडच्या निकेलवरून येतो. साध्या नायट्रोबेंझीनसाठी आणि स्वस्तात करायचे असेल तर मी आधी हीच जोडी करून पाहीन. तीही थर असलेल्या दुहेरी हायड्रॉक्साइडमधून, कारण त्यात दोन्ही धातू अणूच्या पातळीवर आधीच मिसळलेले असतात आणि क्षपणानंतर एकाच कणात निघतात. तिची कमजोरी म्हणजे पाणी. दर रेणूला दोन रेणू पाणी सुटते, त्यात लोखंड हळूहळू गंजते, आणि माध्यम आम्लधर्मी असेल तर विरघळूनही जाते.

कथील अगदी वेगळ्या कारणासाठी घ्यायचे. नायट्रोस्टायरीनसारख्या रेणूत दुहेरी बंध वाचवायचा असेल तर तो बंध आडवा टेकण्यासाठी निकेलचे सलग अणू लागतात, हे लक्षात घ्या. निकेल आणि कथील यांची ठरलेल्या प्रमाणातली संयुगे होतात, 3 ला 1, 3 ला 2, 3 ला 4 अशी. त्यात कथील निकेलच्या अणूंना एकमेकांपासून दूर ठेवते. दुहेरी बंधाला जागा मिळत नाही, नायट्रो गटाला मिळते. पण हायड्रोजन फोडायलाही शेजारी-शेजारी निकेल लागतेच. म्हणून कथील वाढवत गेलात की निवडकता चढते आणि वेग कोसळतो. हा सौदा आहे हे जाणूनच त्यात पडा.

कोबाल्ट निकेलचा सख्खा शेजारी. मिसळतो सहज, वेग थोडा वाढवतो, निवडकतेत फार मोठा फरक माझ्या अनुभवात पडलेला नाही. मॉलिब्डेनम थोड्या प्रमाणात घातलेले रॅने निकेल (स्पंजासारखे सच्छिद्र निकेल) बाजारात तयार मिळते आणि नायट्रोसाठी ते चांगले चालते. पॅलॅडियम किंवा प्लॅटिनम घालून ‘निकेलची क्षमता वाढली’ असे लिहिलेले वाचाल, तेव्हा तेवढेच पॅलॅडियम निकेलशिवाय चालवून पाहिले आहे का ते आधी शोधा.

तुमच्या क्लोरीनबद्दल. कार्बन-हॅलोजन बंध तुटण्याची सोय आयोडीनमध्ये सर्वांत जास्त, मग ब्रोमीन, मग क्लोरीन. फ्लोरीन सहसा सुटत नाही. आता एक बारीक गोष्ट पाहा. नायट्रो गट पृष्ठभागाला इतका घट्ट चिकटतो की तो शिल्लक असेपर्यंत क्लोरीनला धातूपर्यंत पोचायला फारशी जागा मिळत नाही. नायट्रो संपत आला की पृष्ठभाग मोकळा होतो, आणि तयार झालेल्या क्लोरोॲनिलीनमधले क्लोरीन तुटायला लागते. तुम्ही 3 तासांनी एकच नमुना घेतला असेल, तर अभिक्रिया दीड तासात पूर्ण होऊन पुढचा दीड तास तुम्ही स्वतःच क्लोरीन तोडत बसला होता, अशी दाट शक्यता आहे. दर 15 मिनिटांनी नमुना घ्या. क्लोरोॲनिलीन चढत जाऊन कुठे वळते ते पाहा आणि हायड्रोजन तिथेच थांबवा. धातू बदलण्याआधी घड्याळ बदलून पाहा. शिवाय सुटलेले क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन निकेल विरघळवते आणि उरलेल्या निकेलवर क्लोराइड होऊन बसते. तुमच्या तिसऱ्या वापरातल्या मंदपणाचे मूळ बहुधा इथेच आहे. गाळलेल्या द्रावणात निकेल किती उतरले ते मोजून घ्या. द्रावण हिरवट दिसत असेल तर मोजायच्या आधीच उत्तर कळले.

मंदावण्याचे दुसरे नेहमीचे कारण म्हणजे गंधक. निकेल गंधकापुढे अजिबात टिकत नाही, म्हणजे गंधक त्यावर एकदा बसले की उठत नाही. कोळशाच्या डांबरातून आलेल्या बेंझीनमध्ये थायोफीन असते, आणि नायट्रोबेंझीन कुठल्या बेंझीनपासून केले आहे याची चौकशी सहसा कोणी करत नाही. बाटली बदलून एकदा चालवून पाहा.

पुनर्वापराच्या चाचणीबद्दल थोडे कडक बोलतो. पहिल्या वापरात उत्प्रेरक एका तासात काम संपवत असेल आणि तुम्ही प्रत्येक वेळी 3 तासांनी मोजत असाल, तर त्याची निम्मी शक्ती गेली तरी पाचव्या वापरापर्यंत 100 टक्केच दिसेल. पुनर्वापर नेहमी अर्धवट रूपांतरावर तपासा, 30 ते 40 टक्क्यांवर. तिथे घसरण लपत नाही. मोठ्या खटपटीने केलेला उत्प्रेरक चांगला दिसावा असे कोणालाही वाटणारच, पण त्याच्यावर पुढे कोणीतरी शेकडो लिटर अभिक्रिया चालवणार असतो.

तसेच, पॅरा-नायट्रोफिनॉल आणि सोडियम बोरोहायड्राइडची चाचणी. 400 नॅनोमीटरचा पिवळा रंग काही मिनिटांत उडून जातो, वर्णपटमापीवर आलेख सुंदर येतो, आणि सगळीकडे तीच दिसते. उत्प्रेरक जिवंत आहे की मेला एवढे पाहायला ती ठीक आहे. पण तिथे हायड्राइड बोरोहायड्राइडकडून येतो, माध्यम पाणी असते, संहती अगदी विरळ असते. हायड्रोजन वायूच्या दाबाखाली, मिथेनॉलमध्ये, 10 टक्के नायट्रो संयुगावर काय होईल ते ही चाचणी सांगत नाही. तिच्यावरून दुसऱ्या धातूचे प्रमाण ठरवू नका.

वेग मोजताना तुम्ही खरोखर उत्प्रेरकाचा वेग मोजता आहात का, हेही पाहा. साधा हिशेब करून दाखवतो. 300 मिलीचा ऑटोक्लेव्ह (दाब सहन करणारे बंद भांडे), त्यात 100 मिली मिथेनॉल आणि 12.3 ग्रॅम नायट्रोबेंझीन, म्हणजे 0.1 मोल. हायड्रोजन लागणार 0.3 मोल. खोलीच्या तापमानाला 20 बार दाबाखाली तेवढ्या मिथेनॉलमध्ये जेमतेम 0.008 मोल हायड्रोजन विरघळलेला असतो. म्हणजे अभिक्रिया पूर्ण व्हायला द्रवातला हायड्रोजन जवळजवळ 40 वेळा नव्याने भरून निघाला पाहिजे, आणि तो भरतो ढवळण्यामुळे. ढवळणी मंद असेल तर चांगला आणि मध्यम असे दोन्ही उत्प्रेरक एकाच वेगाने चालतात. 400, 800 आणि 1200 फेऱ्यांवर तीच अभिक्रिया चालवा. वेग वाढत राहिला तर तुम्ही मोटार मोजता आहात. मग उत्प्रेरक निम्मा करून पाहा, वेगही निम्मा झाला पाहिजे. या हिशेबात आणखी एक गोष्ट दडली आहे. वरच्या 200 मिली जागेत 20 बारला सुमारे 0.16 मोल हायड्रोजन मावतो. एकदाच भरून वाट पाहिली तर तो निम्म्या वाटेवर संपेल. तुमचे पहिले 70 टक्के हायड्रोजन संपल्यामुळे तर नव्हते ना, हेही तपासून घ्या.

तयारीचे आकडे हवे असतील तर, 10 ग्रॅमच्या आसपास उत्प्रेरकात 1 ग्रॅम निकेलसाठी निकेल नायट्रेट हेक्साहायड्रेट 4.95 ग्रॅम लागते, आणि निकेल-तांबे अणुप्रमाण 3 ला 1 ठेवायचे तर कॉपर नायट्रेट ट्रायहायड्रेट 1.37 ग्रॅम. दोन्ही एकाच द्रावणात घ्या. द्रावणाचे आकारमान आधाराच्या छिद्रांइतकेच ठेवा, म्हणजे पूड ओलसर दिसेल पण वर पाणी साचणार नाही. वाळवणे सावकाश, रात्रभर. घाईने 120 अंशांच्या ओव्हनमध्ये टाकलेत तर पाणी बाहेर येताना क्षारही पृष्ठभागाकडे ओढून आणते आणि दाण्याच्या बाहेर गडद कडा दिसते. दाणा मधोमध मोडून पाहा. आतबाहेर एकच रंग असला पाहिजे. आणि तुमच्या हेतूसाठी ॲल्युमिनाऐवजी सिलिका घेऊन पाहा, असे मी सुचवेन. ॲल्युमिनेटची भानगड तिथे नाही, त्यामुळे तांब्याचा खरा परिणाम स्वच्छ दिसेल. नायट्रोबेंझीनपासून वायुरूपात ॲनिलीन करताना सिलिकावरचे तांबे कारखान्यांत फार जुन्या काळापासून वापरात आहे, ते उगाच नाही.

शेवटची गोष्ट सुरक्षिततेची, आणि ती मी कोणालाही सांगितल्याशिवाय सोडत नाही. ही अभिक्रिया मोलमागे सुमारे 540 किलोज्यूल उष्णता देते. वरच्या उदाहरणातल्या 12.3 ग्रॅममधून 54 किलोज्यूल निघतात, आणि 100 मिली मिथेनॉलची उष्णताधारकता अंशाला साधारण 200 ज्यूल आहे. थंडावा अजिबात मिळाला नाही तर वाढ 200 अंशांच्या पुढे जाते. शिवाय हायड्रॉक्सिलअमाईन. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका क्लोरो संयुगावर दाब पडायचा थांबला, मी अभिक्रिया संपली असे धरले. वायू-वर्णलेखात (गॅस क्रोमॅटोग्राफीत) नायट्रो दिसत नव्हते, अमाईन भरपूर दिसत होते. तोच नमुना द्रव-वर्णलेखावर टाकला तेव्हा हायड्रॉक्सिलअमाईनचे मोठे शिखर समोर आले. वायू-वर्णलेखाच्या गरम तोंडाशी ते विघटित होते, म्हणून तिथे दिसत नाही. ही संयुगे साठली आणि कोणी भांडे गरम केले किंवा द्रावक उडवायला घेतला, तर हिंसक विघटन होऊ शकते. त्या दिवसापासून मी द्रव-वर्णलेख पाहिल्याशिवाय भांडे रिकामे करत नाही. इलेक्ट्रॉन ओढणारे गट असलेल्या संयुगांत हा साठा जास्त होतो. दुसरा धातू निवडताना वेगाइतकेच याकडेही लक्ष द्या, कारण काही जोड्या पहिली पायरी झपाट्याने करतात आणि शेवटच्या पायरीला रेंगाळतात. व्हॅनेडियमच्या क्षाराची चिमूटभर जोड हा साठा कमी करते, हे प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंच्या उत्प्रेरकांवर चांगले सिद्ध झाले आहे. निकेलवरही करून पाहण्यासारखे आहे.

आणि गाळताना: क्षपण केलेले निकेल हवेत पेट घेते. गाळणकागदावर उत्प्रेरक कोरडा पडू देऊ नका. थर ओला असतानाच नायट्रोजनखाली द्रावकाने धुवा आणि द्रावकातच बुडवून पुढच्या वापरासाठी ठेवा. मिथेनॉलची वाफ आणि वाळलेले निकेल एकाच फनेलमध्ये आले की काय होते ते मी पाहिले आहे. काळा थर कडेने आधी राखाडी होतो, मग त्यावर लालसर रेघ धावते, आणि हात मागे घ्यायला सेकंदभरच मिळतो.